प्राचीन जपान घडला तेव्हा

जपानला पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. टोकियोत हाराजुकू स्टेशनाशेजारचे मेइजी देवस्थान, क्योटोत केशरी खांबांचे हेइआन देवस्थान, जमल्यास शिंतो पद्धतीचे एखादे लग्न लांबून पाहणे आणि सोबत वाटाड्याचे ठरलेले वाक्य: हे जगातले सर्वांत जुने राजघराणे, अडीच हजारांहून अधिक वर्षे अखंड चालत आलेले. मेइजी देवस्थानाच्या लाकडी कमानीखालून आत शिरले की शहराचा आवाज मागे राहतो. दोन्ही बाजूंना ओक आणि कापराची उंच झाडे, पायाखाली खडी. हे वन अनादी असावे असेच कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते माणसांनी लावलेले आहे. सम्राट मेइजी १९१२ मध्ये आणि सम्राज्ञी शोकेन १९१४ मध्ये वारल्यावर त्यांच्या स्मरणार्थ देवस्थान बांधायचे ठरले. देशभरातून सुमारे एक लाख झाडे भेट म्हणून आली, लाखभर तरुण स्वयंसेवकांनी श्रमदान केले आणि होंदा सेइरोकू व त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर वर्षांनी वन कसे दिसेल याचा हिशेब मांडून लागवड केली. देवस्थान १९२० मध्ये उघडले, १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाले आणि आजची मुख्य वास्तू १९५८ मध्ये उभी राहिली. हेइआन देवस्थान १८९५ चे. क्योटो वसल्याला अकराशे वर्षे झाली म्हणून जुन्या राजवाड्याच्या एका भागाची पाच-अष्टमांश आकाराची प्रतिकृती बांधली, तेच ते. नारा प्रांतात पहिला सम्राट जिम्मू याचे काशिहारा देवस्थान आहे, त्याची स्थापना १८९० ची. देवासमोर लग्न लावण्याची आजची पद्धत रूढ झाली ती १९०० साली युवराज योशिहितो यांचा विवाह राजवाड्यातल्या देवघरासमोर झाल्यानंतर.

या तारखा कोणी लपवून ठेवलेल्या नाहीत, माहितीफलकांवरही त्या सापडतात. तरी पाहणाऱ्याच्या मनावर ठसते ती प्राचीनताच, कारण १८६८ नंतरच्या राज्यकर्त्यांनी या गोष्टी घडवल्या त्याच तो ठसा उमटावा म्हणून. माझे म्हणणे असे की जपानच्या राजसंस्थेला खरोखरच मोठा आणि जुना इतिहास आहे, पण परक्या पाहुण्याला जो दाखवला जातो तो त्या इतिहासाची छाटणी करून उरलेला आहे. मूळ परंपरा अनेक देशांकडून, अनेक धर्मांकडून घेत घेत वाढली होती. मेइजी काळातल्या मूठभर माणसांनी तिच्यातले एक सूत काढून तेच सगळे वस्त्र म्हणून जगापुढे धरले. हे त्यांनी का केले ते समजून घेता येते. पण त्याची किंमत कोणी मोजली हे सांगितल्याशिवाय त्या इतिहासाची ओळख पुरी होत नाही.

आधी छाटणीपूर्वीचे रूप पाहू. इ. स. ७५२ मध्ये नारा येथील तोदाइजी मंदिरात बुद्धाच्या प्रचंड कांस्यमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. मूर्तीचे डोळे रंगवून तिच्यात प्राण आणायचा तो विधी. गादीवर त्या वेळी सम्राज्ञी कोकेन होती, तिचे वडील निवृत्त सम्राट शोमू हजर होते, आणि मूर्तीच्या डोळ्यांना कुंचला लावण्याचा मान मिळाला तो बोधिसेन या भारतीय भिक्षूला. हा बोधिसेन ७३६ मध्ये चीनमार्गे जपानला पोचला होता. त्याने हातात धरलेला तो कुंचला आजही आहे. तोदाइजीच्या शोसोइन या लाकडी कोठारात शोमूच्या इतर वस्तूंबरोबर तो जपून ठेवला गेला, आणि युद्धात जळालेली मूर्ती ११८५ मध्ये पुन्हा उभी राहिली तेव्हा निवृत्त सम्राट गो-शिराकावा याने तोच कुंचला हाती घेऊन डोळे रंगवले. शोसोइनमधल्या निवडक वस्तू दरवर्षी शरद ऋतूत नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडतात. जपानी राजसंस्थेचे खरोखर प्राचीन असे काही पाहायचे असेल तर ते तिथे आहे, आणि ते पाहताना दिसते की राजाचा धर्म बौद्ध होता, दरबारी लेखन चिनी वळणाचे होते, समारंभाचा मुख्य आचार्य भारतीय होता आणि राज्यावर स्त्री होती. गादीवरची स्त्री हाही अपवाद नव्हता. आठ स्त्रियांनी मिळून दहा वेळा जपानवर राज्य केले, त्यांतली शेवटची गो-साकुरामाची ही १७६२ ते १७७१ या काळातली. सम्राटांचा अंत्यविधीही बौद्धच असे. सम्राज्ञी जितो हिचे ७०३ मध्ये दहन झाले, तेव्हापासून राजघराण्यात दहनाची प्रथा शिरली. पुढे कित्येक शतके क्योटोचे सेन्न्यूजी हे मंदिर सम्राटांचे अंत्यस्थान होते. मेइजीचे वडील कोमेइ यांचा १८६७ मधला अंत्यविधीही त्याच मंदिरात, भिक्षूंच्या मंत्रपाठात झाला.

सत्तेचे म्हणाल तर सम्राटाच्या हाती ती फार थोडा काळ होती. आधी फुजिवारा घराण्याने कारभार केला, मग निवृत्त सम्राटांनी, मग शोगुन म्हणजे लष्करी सत्ताधीशांनी. गृहयुद्धांच्या काळात तर दरबाराची दैना झाली. १५०० मध्ये गो-त्सुचिमिकादो वारला तेव्हा अंत्यविधीला पैसा नव्हता, म्हणून शव महिन्याहून अधिक काळ तसेच पडून होते. त्याच्या मुलाला राज्यारोहणाच्या समारंभासाठी २१ वर्षे थांबावे लागले. नवा सम्राट गादीवर आल्यावर नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवण्याचा दाइजोसाइ हा मोठा विधी १४६६ नंतर १६८७ पर्यंत झालाच नाही. इसे येथील सूर्यदेवी आमातेरासूचे देवालय दर वीस वर्षांनी नव्याने बांधायचे असा सातव्या शतकापासूनचा नेम, तोही सव्वाशे वर्षांच्या आसपास मोडला. तो पुन्हा सुरू झाला तो केइकोइन मठाच्या भिक्षुणींमुळे. सेइजुन नावाच्या भिक्षुणीने गावोगाव फिरून वर्गणी जमवली आणि १५६३ मध्ये इसेचे बाह्य देवालय नव्याने उभे राहिले. शिंतोचे सर्वांत पवित्र स्थान बौद्ध भिक्षुणींनी सावरले, या एका घटनेत मला जपानच्या जुन्या धर्मजीवनाचा खरा स्वभाव दिसतो. तोकुगावा शोगुनांनी १६१५ मध्ये दरबारासाठी नियम घालून दिले, त्यांतला पहिलाच नियम सम्राटाने विद्याकलांत मन घालावे असा. १६२६ नंतर १८६३ पर्यंत सम्राट क्योटोच्या राजवाड्याबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. शेतकऱ्याला आपला जहागीरदार ठाऊक असे, शोगुन ऐकून ठाऊक असे. सम्राटाचा त्याच्या रोजच्या जगण्याशी फारसा संबंध नव्हता.

अशा राजाच्या नावाने ३ जानेवारी १८६८ रोजी सत्तांतर झाले. मुत्सुहितो, म्हणजे पुढचे सम्राट मेइजी, तेव्हा पंधरा वर्षांचे होते. सत्ता हाती घेणारे सात्सुमा आणि चोशू संस्थानांचे तरुण सामुराई होते, आणि त्यांच्यापाशी स्वतःचे असे कोणतेच अधिष्ठान नव्हते. देश अडीचशेहून अधिक संस्थानांत विभागलेला, बंदरांत परकी युद्धनौका, विषम तह गळ्यात. सर्वांना एका ठिकाणी मान झुकवायला लावील असे एकच नाव उरले होते, ते सम्राटाचे. पण लोकांना ते सांगावे लागले. १८६९ मध्ये ईशान्य जपानच्या प्रजेसाठी नव्या सरकारने एक पत्रक काढले. सम्राट हे सूर्यदेवीचे वंशज आहेत, जपानचे आदिकाळापासूनचे स्वामी आहेत, असे त्यात समजावून सांगितले आहे. ज्या गोष्टीवर प्रजेची पिढ्यान्‌पिढ्या अढळ श्रद्धा असते ती सरकारी पत्रक काढून शिकवावी लागत नाही. त्याच वर्षी तरुण सम्राटाला इसेला नेले. त्याआधी शतकानुशतके एकही सम्राट राज्यावर असताना आपल्या कुलदेवतेच्या त्या देवालयात गेला नव्हता. १८७२ ते १८८५ या काळात सम्राटांचे सहा मोठे दौरे झाले. राजवाड्याच्या पडद्याआड वाढलेला मुलगा रस्त्यारस्त्यांवर, शाळांत, कारखान्यांत, छावण्यांत दिसू लागला.

पुढे दाखवणेही पुरेनासे झाले, तेव्हा चित्र आले. १८७२ मध्ये उचिदा कुइचि या छायाचित्रकाराने सम्राटाचे दरबारी पोशाखातले छायाचित्र घेतले होते, पुढच्याच वर्षी लष्करी गणवेशातले. पण मध्यमवयीन सम्राटाला छायाचित्र काढून घेणे आवडत नसे. मग १८८८ मध्ये सरकारी छापखान्यात नोकरीला असलेला इटालियन चित्रकार एदोआर्दो किओसोने याला एका भोजनप्रसंगी पडद्याआड बसवले आणि त्याने तिथून सम्राटाचा चेहरा रेखाटला. त्यावरून पूर्ण चित्र केले, छायाचित्रकार मारुकी रियो याने त्या चित्राचे छायाचित्र काढले, आणि तेच सम्राटाचे अधिकृत छायाचित्र म्हणून शाळाशाळांत वाटले गेले. छातीवर पदके, मुठीत तलवार, युरोपी राजाची बैठक. शाळेत त्यासाठी स्वतंत्र कपाट, पुढे आवारात छोटे पक्के घर. सणाच्या दिवशी ते उघडायचे, मुलांनी कमरेत वाकायचे. आग लागली तर शिक्षकांनी आधी ते चित्र वाचवायचे, आणि त्या प्रयत्नात मुख्याध्यापक जळून मेल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. इटालियन माणसाने रेखाटलेल्या आणि जेमतेम काही वर्षांपूर्वी छापलेल्या एका कागदासाठी माणसाने प्राण द्यावा इतकी ही भक्ती एका पिढीत रुजली.

बांधकाम चालू होते तशी तोडफोडही चालू होती, आणि पर्यटकाच्या पुस्तिकेत नेमका हाच भाग सर्वांत त्रोटक असतो. १८६८ च्या वसंतात सरकारने शिंतो देव आणि बुद्ध यांना वेगळे करण्याचे हुकूम काढले. हजार वर्षे एकाच आवारात नांदलेल्या दैवतांची फारकत झाली. क्योटोच्या प्रसिद्ध यासाका देवस्थानाचे उदाहरण घ्या. त्याचे जुने नाव गिओन, म्हणजे आपले श्रावस्तीचे जेतवन. अनाथपिंडकाने बुद्धाला दिलेल्या त्या विहाराचा रक्षक मानलेला गोझू तेन्नो, बैलाच्या शिराचा देव, तिथे पुजला जाई. रोगराई टळावी म्हणून ८६९ पासून त्याचा उत्सव होत आला होता. १८६८ मध्ये देवस्थानाचे नाव यासाका झाले आणि कागदोपत्री देवही बदलला. गोझू तेन्नोचे नाव पुसले, शुद्ध जपानी म्हणून सुसानोओ हे नाव राहिले. आजही जुलैत गिओनचा उत्सव होतो, मोठमोठे रथ निघतात, त्यांच्या अंगावर सोळाव्या शतकातले बेल्जियमचे विणीव पडदे आणि इराणी-हिंदुस्थानी गालिचे झुलतात. क्योटोच्या व्यापाऱ्यांनी जगभरचे सुंदर ते आपल्या देवाला वाहिले होते. पण ज्या देवासाठी हा थाट सुरू झाला त्याच्या नावाने आता तिथे पूजा होत नाही. नाराच्या कोफुकुजी मंदिरातल्या भिक्षूंनी चीवर उतरवून शेजारच्या कासुगा देवस्थानाचे पुजारी होणे पत्करले, मंदिर ओस पडले. कामाकुराच्या हाचिमान देवस्थानातला स्तूप आणि इतर बौद्ध वास्तू पाडल्या. आजच्या तेन्रीजवळचे उचियामा एइक्यूजी हे मोठे मंदिर तर समूळ नाहीसे झाले. खुद्द राजवाड्यातले बौद्ध देवघरही बंद झाले आणि पूर्वजांच्या स्मरणपट्टिका सेन्न्यूजीकडे गेल्या. सम्राटांच्या पूर्वजांची जी श्रद्धा होती तीच सम्राटांच्या नावाने घराबाहेर काढली गेली.

या सगळ्याला कायद्याचे रूप मिळाले ११ फेब्रुवारी १८८९ रोजी. त्या दिवशी जाहीर झालेल्या राज्यघटनेच्या पहिल्या कलमात अनादी काळापासून अखंड चालत आलेली वंशपरंपरा, तिसऱ्यात सम्राटाचे पावित्र्य. दिवस मुद्दाम निवडलेला होता. इ. स. पूर्व ६६० मध्ये जिम्मू याच दिवशी गादीवर बसला असे १८७३ पासून सरकारने ठरवले होते. आठव्या शतकातल्या बखरींतली ही गणना कोणत्याही पुराव्यावर टिकत नाही. अखंड वंशावळ बऱ्यापैकी खात्रीने सांगता येते ती सहाव्या शतकापासून, आणि खरे तर तेवढेही जगात दुर्मीळ आहे. जिम्मूची समाधी म्हणून तीन-चार जागा सांगितल्या जात, त्यांतली एक १८६३ मध्ये पक्की करण्यात आली. समाधीजवळच्या उनेबी टेकडीच्या उतारावर होरा नावाचे सुमारे २०० घरांचे गाव होते, ज्यांना समाज अस्पृश्य मानत आला त्या बुराकू लोकांचे. पहिल्या सम्राटाच्या समाधीकडे वरून पाहणारी ही वस्ती राजनिष्ठांना खुपू लागली. १९१७ नंतर काही वर्षांत गाव उठवून खाली नेण्यात आले. कागदोपत्री गावकऱ्यांनी जमीन राजीखुशीने अर्पण केली. दंतकथेतल्या राजाच्या सोवळ्यासाठी खऱ्या माणसांची घरे आणि त्यांच्या पूर्वजांची थडगी हलली, ही गोष्ट जातिव्यवस्था ठाऊक असलेल्या आपल्या वाचकाला अधिक समजावून सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की एकोणिसाव्या शतकात सगळीच राष्ट्रे हे करत होती, आणि नवे म्हणजे खोटे असे कुठे आहे? आक्षेपाचा दुसरा भाग वजनदार आहे. इसेचे देवालय आज पाहाल तर ते २०१३ मध्ये बांधलेले, बासष्टावे. लाकूड नवे, गवताचे छप्पर नवे, तरी ते जुने आहे यात शंका नाही, कारण सुतारकामाची रीत पिढ्यान्‌पिढ्या हातांतून हातांत आलेली आहे आणि ते नवे बांधले हे कोणी नाकारत नाही. मेइजी देवस्थानाच्या वनाबद्दलही मला आदरच वाटतो. तिथे चिठ्ठी काढली की भविष्याऐवजी सम्राटाचे किंवा सम्राज्ञीचे एक छोटे काव्य हाती येते. सम्राट मेइजींनी आयुष्यभरात नव्वद हजारांहून अधिक अशी काव्ये रचली, म्हणजे दरबाराची एक खरी जुनी परंपरा त्या चिठ्ठीत जिवंत आहे. माझी तक्रार नवेपणाबद्दल नाही. काशिहारा आणि इसे यांत फरक आहे तो असा: इसे परंपरा पुढे नेते, काशिहारा एका न घडलेल्या घटनेला घटनास्थळ मिळवून देते. आणि इतर राष्ट्रांनीही हे केले म्हणून जपानमध्ये काय झाले हे पाहायचे नाही असे होत नाही. युरोपातल्या राजांनी मिरवणुका वाढवल्या, पण शाळकरी मुलांना आपला राजा देव आहे असे विसाव्या शतकात शिकवले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे केले नसते तर जपान टिकला असता का? चीनचे लचके तुटत होते, हिंदुस्थान गेला होता. सम्राटाभोवती देश एक झाला म्हणूनच संस्थाने विसर्जित झाली, रेल्वे आली, १८७२ मध्ये सार्वत्रिक शिक्षणाचा कायदा झाला, १९०५ मध्ये रशियासारखी सत्ता हरली. आपल्याकडच्या त्या पिढीला जपानचे मोठे आकर्षण होते, आणि ते निराधार नव्हते. धोंडो केशव कर्वे यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली आणि त्यातून १९१६ चे आपले महिला विद्यापीठ उभे राहिले. मेइजी जपानने आशियाला काही दिले नाही असे म्हणणारा मी नाही. पण ऐक्यासाठी सम्राट हवा होता हे मान्य केले तरी तो देव असायला हवा होता, बुद्धाचा त्याग केलेला असायला हवा होता, हे त्यातून निघत नाही. शाळा, रेल्वे, टपाल यांना इ. स. पूर्व ६६० ची काही गरज नव्हती. दुसरी वाट होती याचा पुरावाही आहे. टोकियोच्या पश्चिमेला इत्सुकाइची या डोंगराळ गावात १९६८ मध्ये एका जुन्या कोठारात इतिहासकार इरोकावा दाइकिची आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना एक मसुदा सापडला. चिबा ताकुसाबुरो या शिक्षकाने १८८१ च्या सुमारास गावातल्या लोकांबरोबर चर्चा करून लिहिलेली ती २०४ कलमांची राज्यघटना आहे. तीत सम्राट आहे, पण बहुतांश कलमे नागरिकांचे हक्क, न्यायालये आणि विधिमंडळ यांविषयी आहेत. १८७० आणि ८० च्या दशकांत असे अनेक मसुदे देशभर लिहिले जात होते. सम्राज्ञी मिचिको यांनी २०१३ मध्ये आपल्या वाढदिवसाच्या निवेदनात याच मसुद्याचा आदराने उल्लेख केला. सम्राट आणि नागरिक दोघांनाही जागा देणारा जपान शक्य होता. राज्यकर्त्यांनी तो निवडला नाही.

जे निवडले त्याचा परिणाम जपानबाहेर अधिक भोगावा लागला. १९१० मध्ये कोरिया गिळंकृत झाला. १९२५ मध्ये सोलच्या नामसान टेकडीवर मोठे शिंतो देवस्थान उभे राहिले, आमातेरासू आणि सम्राट मेइजी यांचे. १९३० च्या दशकात कोरियन विद्यार्थ्यांना तिथे आणि इतर देवस्थानांत वाकणे सक्तीचे झाले. ही पूजा नव्हे, नागरिकाचे कर्तव्य आहे, असा सरकारचा युक्तिवाद होता. प्योंगयांगच्या ख्रिस्ती शाळांनी तो मानला नाही, त्या बंद पडल्या. चु की-चोल हे धर्मोपदेशक वाकायला नकार देऊन तुरुंगात गेले आणि १९४४ मध्ये तिथेच वारले. १९४० मध्ये जपानात जिम्मूच्या राज्याची २६०० वर्षे थाटाने साजरी झाली. नौदलाच्या प्रसिद्ध ‘झिरो’ विमानाला नाव मिळाले ते याच वर्षाच्या शेवटच्या शून्यावरून. आणि त्याच वर्षी वासेदा विद्यापीठाचे इतिहासकार त्सुदा सोकिची यांच्या ग्रंथांवर बंदी आली. त्यांचा गुन्हा इतकाच की जिम्मूपासूनच्या सुरुवातीच्या सम्राटांच्या कथा या पुढच्या काळात रचलेल्या आहेत असे त्यांनी पुराव्यानिशी दाखवले होते. १९४२ मध्ये न्यायालयाने त्यांना शिक्षा ठोठावली. जिम्मू हे एक शोभेचे प्रतीक, ते कोणी फारसे मनावर घेत नव्हते, असे म्हणणाऱ्यांना हा खटला हे उत्तर आहे.

परक्याने दुसऱ्यांच्या श्रद्धास्थानाची वये मोजू नयेत, असेही कोणी म्हणेल. पण मोजणी जपानी माणसांनीच केली आहे आणि तिची झळही त्यांनीच सोसली आहे. जिम्मूच्या राज्यारोहणाची म्हणून पाळली जाणारी ११ फेब्रुवारीची सुट्टी युद्धानंतर १९४८ मध्ये रद्द झाली. ती परत आणण्याची मोहीम १९५० च्या दशकात सुरू झाली तेव्हा जाहीर विरोध करणाऱ्यांत सम्राट हिरोहितो यांचे धाकटे बंधू, प्राचीन इतिहासाचे अभ्यासक राजपुत्र मिकासा होते. मोहीम शेवटी जिंकली, १९६७ पासून ती सुट्टी पुन्हा पाळतात, पण राजघराण्यातल्या माणसाने खोट्या तारखेला दिलेला नकार इतिहासात नोंदलेला आहे. त्सुदांचे तर आणखी विशेष. शिक्षा झालेला हा इतिहासकार १९४६ मध्ये राजसंस्थेवर तुटून पडेल असे डाव्या विचारवंतांना वाटले होते. त्यांनी उलट लेख लिहिला. सम्राट स्वतः राज्य करत नव्हते, म्हणूनच सत्ता बदलत राहिली तरी घराणे टिकले, लोकांशी त्याचे नाते जबरदस्तीचे नव्हते, आणि लोकशाहीतही ते राहू शकते, असे त्यांचे मत होते. जिम्मूला नाकारणारा माणूस राजघराण्यावर प्रेम करू शकतो, हे त्सुदांनी आपल्या आयुष्यानेच दाखवले. सम्राट अकिहितो यांनी डिसेंबर २००१ मध्ये त्याच वाटेवर एक पाऊल टाकले. सम्राट कान्मू यांची आई कोरियातील पॅकचे राज्याचा राजा मुर्योंग याच्या वंशातली होती असे जुन्या राजबखरीत नोंदले आहे, त्यामुळे आपल्याला कोरियाशी नाते वाटते, असे ते पत्रकार परिषदेत म्हणाले. क्योटोचे हेइआन देवस्थान ज्याच्यासाठी बांधले तोच हा कान्मू. २०१३ मध्ये अकिहितो आणि मिचिको यांनी आपले दहन व्हावे असे जाहीर केले. सतराव्या शतकापासून सम्राटांना पुरण्याची रीत होती, जितोची जुनी रीत त्यांनी पुन्हा जवळ केली.

पण कायदा अजून बराचसा मेइजीच आहे. १९४७ च्या राज्यघटनेने सम्राट हे राष्ट्राचे प्रतीक मानले, सार्वभौमत्व लोकांकडे गेले. राजगृह कायदा मात्र नव्याने करताना १८८९ च्या दोन गोष्टी तशाच ठेवल्या. एक, गादी सोडता येणार नाही. इतिहासात जवळजवळ निम्म्या सम्राटांनी ती सोडलेली असताना वृद्ध अकिहितोंना निवृत्त होण्यासाठी २०१७ मध्ये खास कायदा करावा लागला आणि तोही त्यांच्यापुरताच. दुसरी, गादी फक्त पुरुषवंशातल्या पुरुषाला. सम्राट नारुहितो यांची एकुलती एक मुलगी आइको २००१ मध्ये जन्मली, ती वारस होऊ शकत नाही. वारसांच्या यादीत तीनच पुरुष आहेत, सम्राटांचे धाकटे बंधू, वयोवृद्ध काका आणि २००६ मध्ये जन्मलेला पुतण्या हिसाहितो. हा नियम प्राचीन परंपरेचा भाग आहे असे त्याचे समर्थक संसदेत सांगतात. आठ सम्राज्ञी झालेल्या घराण्यात स्त्रीला गादीपासून कायद्याने दूर ठेवणारा हा नियम १८८९ चा आहे.